साक्षीदार क्रमांक दोन

रविवारी सकाळी अकरा वाजता लॅपटॉपच्या पडद्यावरचे सर विचारायचे, "माझा आवाज येतोय का सगळ्यांना?" आणि खालच्या दुकानातून मास्टर मोठ्यांदा उत्तर द्यायचे, "हाव सर, येऊन राह्यला! बोला!"

त्यांचा माइक बंद असायचा. मी पन्नासदा सांगितलं असेल, की काका, सरांना तुमचं ऐकू जात नाही.

"नसन जात," ते म्हणायचे. "पण त्यायनं इचारलं ना? इचारलं तं सांगा लागते."

मास्टर माझे घरमालक. बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी पोलीस शिपाई म्हणून रुजू झाले, त्या गावाचं नाव सांगत नाही. पण तिथल्या पोलीस ठाण्यासमोर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. खाली दुकान, मागे त्यांचं आणि काकूंचं घर, वर एक खोली. त्या खोलीत मी राहायचे. तीसहून अधिक वर्षं मास्टरांनी खाकीशिवाय दुसरं फारसं काही शिवलं नव्हतं. माझी पहिली वर्दी त्यांनीच शिवली. मापं घेताना ते टेप काकूंच्या हातात द्यायचे, स्वतः पाठ करून उभे राहायचे आणि काकू आकडे ओरडायच्या ते वहीत लिहायचे. वर्दी मात्र अशी बसली, की देऊळगाव राजाला घरी गेल्यावर माझ्या आईने दोन दिवस ती उतरवू दिली नाही.

आमच्या घरी भाजीचा मळा. बारावीनंतर मी भरतीला उभी राहिले आणि लागले. पण मला फौजदार व्हायचं होतं, आणि त्या परीक्षेला पदवी लागत होती. कॉलेजात जायला वेळ कुठला? म्हणून एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. विषय क्रिमिनल जस्टिस, म्हणजे गुन्हा, पोलीस, कोर्ट, तुरुंग या सगळ्याचा अभ्यास. ड्युटीवरून आले की खोलीत मोबाइल लावायचे आणि भाजी निवडत निवडत व्हिडिओ ऐकायचे. खरं सांगायचं तर भाजीकडेच जास्त लक्ष असायचं.

एकदा झडती आणि जप्ती यांवरचा धडा चालू होता. शिकवणारे सर हिंदीतून समजावत होते, की पोलिसांनी एखाद्याच्या घराची झडती घ्यायची तर त्या भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून सोबत हवेत. जे काही सापडेल ते त्यांच्या डोळ्यांसमोर सापडलं पाहिजे, आणि मगच त्यांनी पंचनाम्यावर सही करायची.

दारात मास्टर उभे होते. गळ्यात टेप, कानावर खडू. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"हे पुन्हा लाव बरं," ते म्हणाले.

मी लावलं. त्यांनी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा 'प्रतिष्ठित' हा शब्द आला तेव्हा ते स्वतःशीच हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. मग विचारलं, "या कॉलेजात वयाची अट आहे का?"

महिनाभरात त्यांचं नाव दाखल झालं. बारावीचं सर्टिफिकेट काकूंच्या लग्नाच्या शालूखालून निघालं. जालन्याला दिलेल्या मुलीने आपला जुना लॅपटॉप पाठवला. गावात हसू झालं. ठाण्यातले लोक विचारायचे, "काऊन मास्टर, आता पँट शिवायले बी.ए. लागते का?" मास्टर दातात सुई धरून मान हलवायचे. काकू म्हणायच्या, "म्हातारपणी एकेकाले एकेक सुचते. शेजारच्यानं कबुतरं पाळली, यायनं हे काढलं."

ते कसा अभ्यास करायचे ते सांगायला हवं. रविवारच्या वर्गाला इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरपर्यंत बटणं. गळ्यातली टेप काढून खुंटीला. सर पडद्यावर आले की हे उठून उभे राहायचे आणि मग बसायचे. मापांच्या वहीतच टिपणं असायची. एका पानावर कुणा हवालदाराची कंबर अडतीस, छाती चाळीस, आणि खाली लिहिलेलं : 'ॲक्टस रिअस म्हणजे हाताचं पाप. मेन्स रिया म्हणजे मनातलं पाप. दोन्ही असलं तरच गुन्हा.' त्याच्याही खाली, खडूने : 'मनात पाप नसतानी हातानं केलं तं?'

हा प्रश्न त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेऊन विद्यापीठाच्या चर्चेच्या पानावर टाकला. उत्तर आलं, की हे पुढच्या युनिटमध्ये येईल. पुढचं युनिट वाहतूक नियंत्रणाचं निघालं. तरी मास्टरांनी ते सगळं वाचलं, न जाणो मध्येच कुठे आलं असेल म्हणून.

इंग्रजी त्यांना जड जायचं. एकेक वाक्य ओठांनी पुटपुटत वाचायचे. त्यावरून पहिल्याच परीक्षेत रामायण झालं. परीक्षा घरूनच, पण कॅमेरा चालू ठेवून. विद्यार्थ्याने इकडेतिकडे पाहिलं किंवा कुणाशी बोललं तर यंत्र ताकीद देतं. मास्टर प्रश्न पुटपुटू लागले आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, की तुम्ही बोलत आहात. ते घाबरले आणि यंत्रालाच समजावू लागले, "कॉपी नाही करून राह्यलो सायेब, वाचून राह्यलो." आणखी एक ताकीद. तिसऱ्या ताकिदीला पेपर बंद झाला. मी म्हटलं, जाऊ द्या, पुढच्या वेळी द्या. तर त्यांनी तीन पानी अर्ज लिहिला, आपल्याला मनात वाचता येत नाही, शाळेत गुरुजींनी मोठ्याने वाचायचीच सवय लावली, वगैरे. विद्यापीठातल्या कुणा भल्या माणसाने तो मान्य केला आणि पेपर पुन्हा घेतला. पुढच्या खेपेला मास्टरांनी ओठांवर रुमाल बांधला होता.

एक जुनी गोष्ट इथेच सांगते. मी नवीनच होते तेव्हा आमच्या हवालदारांनी मला एक लिहून तयार पंचनामा दिला आणि म्हणाले, "जा, समोरच्या मास्टरची सही आण." मी गेले. मास्टरांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि विचारलं, "जागा कुठं आहे?"

"कसली जागा?"

"जिथं माल सापडला ते. चला, दाखवा. मी पाहून घेतो, मंग सही."

मी तशीच परत आले, तर अख्खं ठाणं हसत होतं. माझी गंमत करायला पाठवलं होतं. मास्टर एकेकाळी ठाण्याचे हक्काचे पंच होते, समोरच दुकान म्हणून ऊठसूट त्यांनाच बोलवायचे. आणि कित्येक वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांनी जे सोडलं ते सोडलंच. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मला कळलं ते दुसऱ्या वर्षाला. दुपारची वेळ, वीज गेलेली, काकू भजनाला गेलेल्या. मास्टर बंद मशीनवर हात ठेवून बसले होते. मी पुढच्या धड्याचं काही विचारायला गेले होते. ते एकदम म्हणाले, "पोरी, मी एका माणसाले जेलात पाठवलं."

मला वाटलं, पुस्तकातलंच काही सांगतायत.

"तांब्याच्या तारीची केस होती. शेतातल्या मोटारीची तार चोरीले गेली होती. वरवट बकालकडचा एक माणूस इकडं वीटभट्टीवर कामाले होता, त्याले पकडलं. त्याच्या झोपडीत खाटेखाली तारीचं बंडल सापडलं, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. मी याच मशीनवर काज करून राह्यलो होतो. जमादार आले, म्हणे मास्टर, सही मारा. मी मारली. झोपडी कुठं आहे तेही मले माहीत नव्हतं."

"मग?"

"मंग कोर्टात बोलावलं. मी म्हटलं, हाव, माह्यासमोर सापडलं. दोन वर्ष गेला तो."

मी विचारलं, "त्याने चोरी केली नव्हती का?"

मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे मला अजून आठवतात. "मले काय माहीत? तेच तं सांगून राह्यलो. मले माहीतच नाही. केली असन, नसन केली. मी पाह्यलं नव्हतं, अन् पाह्यलं म्हणून सांगतलं."

बाहेर ठाण्याच्या आवारात कुणीतरी मोटरसायकल चालू केली. त्या आठवड्यात मी स्वतः अशाच दोन पंचनाम्यांवर चहाच्या टपरीवर सह्या घेतल्या होत्या. 

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. आपल्या भागातलं काहीतरी निवडून अभ्यास करायचा. मास्टरांनी कोर्टात अर्ज करून त्या जुन्या निकालाची नक्कल मिळवली. दोन महिने खेटे घातले. कागद हातात आला त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं आणि बोट ठेवून एक जागा दाखवली. त्यांचं नाव निकालात एकदाच होतं, पुढे सगळीकडे 'साक्षीदार क्रमांक दोन'. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की साक्षीदार क्रमांक दोन हा स्वतंत्र असून त्याला खोटे बोलण्याचे काहीही कारण दिसत नाही, सबब त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

"बरोबर लिहिलं," मास्टर म्हणाले. "काहीच कारण नव्हतं. ना पैसे घेतले, ना दुश्मनी होती. काही एक कारण असतं ना पोरी, तं बरं झालं असतं."

निकालात त्या माणसाचं गाव होतं. मास्टरांनी ठरवलं की जायचं. एकट्याने जायचा धीर होत नव्हता म्हणून मला म्हणाले, "तू चाल. वर्दी नको घालू पण." काकूंना सांगितलं, शेगावला दर्शनाला जातो. शेगावला आम्ही गेलोही, पण नुसती एसटी बदलायला.

वरवट बकालला उतरून पुढे ऑटोने एका खेड्यात पोचलो. घर शोधायला वेळ लागला नाही. साठीचा एक माणूस ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. अंगाने वाळका, डोक्याला फडक्याचं टापर बांधलेलं. सुनेने आम्हाला पाणी दिलं. मास्टर पाणी न पिता तांब्या हातात धरूनच म्हणाले, "मी टेलर आहे. तुमच्या केसमधला साक्षीदार."

त्या माणसाचे हात थांबले. सुनेकडे वळून तो म्हणाला, "चहा ठेव वं बाई," आणि ती आत गेल्यावर खालच्या आवाजात, "हळू बोला. घरात कोणाले माहीत नाही. दोन वर्ष भट्टीवर होतो, इतकंच माहीत आहे पोरायले."

"मी तुमच्या झोपडीत आलोच नव्हतो," मास्टर म्हणाले. "मी काहीच पाह्यलं नव्हतं."

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्हाले मी कोर्टातच पहिल्यांदा पाह्यलं. मी वकिलाले म्हटलं, हा माणूस कोण आहे, मी तं याले ओळखत नाही. वकील म्हणे, गप राह्य."

मास्टरांच्या हातातलं पाणी धोतरावर सांडलं.  तो माणूस त्यांच्याकडे पाहत राहिला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. थकल्यासारखा होता.

"आता काऊन आले पण?" त्याने विचारलं.

"सांगाले."

"सांगतलं ना? मंग चहा घ्या अन् जा. पुन्हा नका येऊ, भाऊ. तुम्ही सांगून मोकळे होसान, पण मले इथं राहा लागते."

सुनेने चहा आणला. आम्ही तो प्यालो. निघताना मागून आवाज आला, तो सुनेला सांगत होता, "काही नाही वं, वाट चुकले होते पाव्हणे."

परतीच्या एसटीत मास्टर खिडकीशी बसले होते. खामगाव आल्यावर माझ्याच्याने राहवेना. मी विचारलं, "काका, एवढं लांब आलात, तर चोरी केली होती की नाही ते तरी विचारायचं."

"त्याले पोलिसानं इचारलं, वकिलानं इचारलं, जज्जसायेबानं इचारलं," मास्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आता मीही इचारू?"

प्रकल्प त्यांनी लिहिला. त्या माणसाचं नाव, गाव, तारसुद्धा वगळली. फक्त स्वतःबद्दल लिहिलं. सही कशी केली, कोर्टात उभं राहिल्यावर काय वाटलं, जमादाराला नाही म्हणायला किती क्षण मिळाले होते. चौदा पानं. मी त्याचं इंग्रजी केलं आणि टाइप करून पाठवलं. महिन्याने शेरा आला : संदर्भसाहित्य नाही, नमुना निवड नाही, निष्कर्ष नाही, पुन्हा सादर करावे.

"निष्कर्ष नाही हे बराबर आहे," मास्टर म्हणाले.

मी म्हटलं, "दुसरा सोपा विषय घ्या. माझ्यासारखा." माझा विषय होता आठवडी बाजारातल्या पाकीटमारीचा. पन्नास लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. ड्युटीतून वेळ मिळेना, म्हणून मी वेगवेगळी पेनं घेऊन खोलीत बसून त्या भरल्या. मास्टर एकदा वर आले तेव्हा माझ्यासमोर ढीग पडला होता. त्यांनी एक कागद उचलला, वाचला, दुसरा उचलला.

"हे पन्नास जण कुठं भेटले?"

"बाजारात," मी म्हटलं.

त्यांनी कागद नीट जागेवर ठेवले आणि जिना उतरून गेले. रागावले असते तर मी काहीतरी बोलले असते. मला पहिला वर्ग मिळाला. ते नापास राहिले. पुन्हा काही त्यांनी सादर केलं नाही.

मी फौजदार झाले. ट्रेनिंग झालं, दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक मिळाली. जाताना मास्टरांनी नवी वर्दी शिवून दिली. मापं पुन्हा काकूंनी घेतली. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मधल्या काळात कायदेच बदलले, कलमांचे नंबर बदलले, आणि मास्टर सगळं नव्याने वाचत होते. "आता झडतीचा व्हिडिओ काढा लागते म्हणे. खरं आहे का? तुम्ही काढता का? सुरुवातीपासून काढता का, का माल सापडल्यावर?" मी सुरुवातीला नीट उत्तरं द्यायचे. माझ्या हाताखालच्यांना पंचांना जागेवर नेल्याशिवाय सही घेऊ देत नाही, हेही सांगितलं होतं एकदा. ते नेहमीच जमतं असं नाही, हे सांगितलं नव्हतं. मग कामं वाढली. एक रविवार सुटला, मग दोन. मग त्यांचं नाव पडद्यावर दिसलं की मी फोन उलटा ठेवायला लागले.

मास्टर गेल्याचं मला जुन्या ठाण्याच्या ग्रुपवरून कळलं. सकाळी मशीनवर बसले आणि तिथेच मान टाकली. मी पोचले तेव्हा दहावा दिवस होऊन गेला होता. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. काकू आत चटईवर एकट्या बसल्या होत्या. लेक नुकतीच जालन्याला परत गेली होती.

बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग काकू म्हणाल्या, "जायच्या आठ दिवस आधी कोर्टात गेले होते. तुले माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

"दुपारच्या सुट्टीत जज्जबाईच्या समोर जाऊन उभे राह्यले. तुह्याच वयाची आहे म्हणे बाई. शिपाई हाकलून राह्यला होता, तं तीच म्हणे, बोलू द्या. यायनं सारं सांगतलं. मी खोटी साक्ष दिली, आता मले काय करा लागन ते सांगा. बाईनं ऐकून घेतलं. म्हणे, बाबा, ती केस कधीच संपली, त्या माणसाशिवाय आता कोणाले ती उघडता येत नाही. अन् मंग इचारलं, तुम्ही शिकले किती? तं हे म्हणे, बी.ए., शेवटच्या वर्षाले नापास."

काकू हसल्या आणि पदराने डोळे पुसले. मला तेव्हा लक्षात आलं, की काकूंना सगळं माहीत आहे. केस, वीटभट्टीचा माणूस, सगळं. मास्टरांनी ज्यांना शेगावचं नाव सांगून फसवलं होतं त्या काकूंना.

"काकू, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"यायनंच. त्याच दिवशी. कोर्टातून आले अन् आल्या आल्या तुले फोन लावत बसले. तीनदा लावला. तू नाही उचलला."

मी मान खाली घातली. बंदोबस्तात होते, असं म्हणणार होते. पण तो दिवस मला आठवत होता. मी कँटीनमध्ये चहा पीत बसले होते आणि फोन माझ्या हातात होता. वाटलं, पुन्हा कलमांचंच काहीतरी विचारतील.

"मंग फोन ठेवला अन् माह्याकडं पाह्यलं," काकू म्हणाल्या. "म्हणे, बस जरा. इतक्या वर्षांत मले कधी बस नाही म्हटलं त्या माणसानं. कामाचंच बोलणं आमचं, जेवण झालं का, दोरा संपला का. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत सांगत राह्यले. मले त्यातलं कोर्टाचं काही समजलं नाही. पण मी उठली नाही. म्हटलं, इतके दिवस एकट्यानं काऊन ठेवलं? तं म्हणे, तू सोडून जाशीन वाटलं." मग म्हणाल्या, "आठ दिवस भेटले मले ते. रोज काही ना काही सांगत."

मी रडायला लागले. काकूंनी मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको माय. तू फोन उचलला असता ना, तं मले हा माणूस समजलाच नसता."